ट्यूबची पलीकडची बाजू

सुशील भोयर बॉयलरच्या ट्यूब जोडण्यात पटाईत आहे, याबद्दल खापरखेड्यात कुणाचं दुमत नव्हतं. अठरा वर्षांत त्याचा जॉइंट एक्स-रेत नापास झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका परीक्षा केंद्रात त्याच्या हातात ‘नापास’ असा कागद पडला, तेव्हा त्याला आधी वाटलं की फिल्मच बदलली. दुसऱ्या कुणाची तरी आपल्या माथी मारली.

फिल्म त्याचीच होती. उन्मेष पाठक नावाच्या परीक्षकाने ती उजेडाच्या काचेवर ठेवली आणि पेनच्या टोकाने दाखवली. अर्धं कडं एकसारखं, स्वच्छ. उरलेल्या अर्ध्यात एक काळी रेघ आणि दोन ठिपके. तिथे धातू आतपर्यंत एकजीव झालाच नव्हता.

“भोयर, तुमचा समोरचा अर्धा भाग मी नवीन मुलांना दाखवायला ठेवून घेतला असता,” उन्मेष म्हणाला. “पण हा मागचा अर्धा तुम्हीच केलात का, असं विचारावंसं वाटतंय.”

सुशीलने फिल्मकडे पुन्हा एकदा बघितलं. मागचा अर्धा त्यानेच केला होता, आणि तीच तर भानगड होती. गेली अठरा वर्षं मागचा अर्धा त्याचे जोडीदार रुपराव करत आले होते.

हे जरा समजून घ्यायला हवं. वीज केंद्राचं बॉयलर म्हणजे आतून शेकडो नळ्यांची उभी भिंत. कामगार त्यांना ट्यूब म्हणतात. त्या इतक्या दाटीने असतात की मागे चार बोटं जातील न जातील. दरवर्षी संच बंद ठेवतात, त्याला म्हणायचं शटडाऊन, आणि त्या दिवसांत झिजलेल्या ट्यूब कापून नव्या जोडतात. एकट्याने पूर्ण गोल जोड मारायला वेळ फार जातो, म्हणून ठेकेदार वेल्डर जोडीने घेतो. एकाने समोरून अर्धं कडं करायचं, दुसऱ्याने मागच्या सांदीतून अर्धं. समोरचा सुशील आणि मागचे रुपराव काळमेघ. रुपराव अंगाने काटकुळे आणि जन्माचे डावखुरे, त्यामुळे सांदीत त्यांचाच हात वळायचा. डोकं काही शिरायचं नाही. मग ते स्कूटरच्या फुटक्या आरशाचा तुकडा लोहचुंबकावर चिकटवून ट्यूबमागे लावायचे आणि त्यात बघून डाव्या हाताने काम करायचे.

चंद्रपूर, परळी, तिरोडा, कुठेही शटडाऊन लागलं की ठेकेदाराचा फोन यायचा, तो दोघांना मिळून एकच. हजेरीच्या कागदावर नावही एकच, भोयर-काळमेघ. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा माणसं अशी चिकटून राहत नाहीत. आणि या चिकटण्यात सुशीलच्या लक्षातच आलं नाही की आपल्याला अर्धंच काम येतं. जॉइंट पास व्हायचा, त्यात आपला हात असायचा, एवढ्यावर तो खूश होता. असली चूक जोडीत काम करणारा माणूसच करू जाणे.

आता परीक्षा होती फिनलंडच्या एका कंपनीची. तिकडे कचरा जाळून वीज करणारी बॉयलरं आहेत, आणि माणसं कमी. तिथे एक ट्यूब एकाच माणसाने पूर्ण करायची. म्हणून परीक्षेतही ट्यूब लोखंडी पत्र्यापासून चार बोटांवर उभी केलेली, आणि आजूबाजूला कुणी नाही.

“तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा बसता येईल,” उन्मेषने सांगितलं. “एकोणतीस तारखेला. तिकडचे साहेब स्वतः येणार आहेत. मात्र ती शेवटची संधी. वयाची अट बेचाळीसची आहे, आणि तुम्ही मार्चमध्ये बेचाळीस पूर्ण करताय.”

मोटरसायकलवर परतताना सुशील मनातल्या मनात हिशेब करत होता. वर्षातले नऊ-दहा महिने परगावी, चार माणसं एका खोलीत, रात्री-बेरात्री ड्यूटी, आणि काम संपलं की पुढच्या फोनची वाट बघत घरी बसायचं. मुलगी पिंकी आठवीत गेली होती, आणि तिच्या एकाही वाढदिवसाला आपण घरी होतो असं त्याला आठवत नव्हतं. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीतल्या बाईंनी सांगितलं होतं की कायमची नोकरी आहे, घर मिळेल, वर्षभर नीट गेलं की बायको-मुलीलाही बोलावता येईल. त्याच्या बायकोने, सरिताने, तेवढंच वाक्य धरून ठेवलं होतं. “रोज सायंकाळी घरी येशीन ना तिकडं? मंग मले थंडीगिंडी चालते,” ती म्हणाली होती. ज्या बाईला कूलरच्या वाऱ्याने सर्दी होते ती हे बोलत होती.

आणि रुपरावांना यातलं काहीही माहीत नव्हतं. परीक्षेच्या दिवशी सुशीलने त्यांना सांगितलं होतं की काटोलला मावसभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आहे.

दोन दिवस त्याने तसेच काढले. तिसऱ्या दिवशी नापास झालेला तुकडा पिशवीत घालून तो कोराडी रस्त्यावरच्या शेडमध्ये गेला. शेड रुपरावांच्या साळ्याचं होतं. शटडाऊन नसलं की रुपराव तिथे खिडक्यांचे गज आणि फाटकं करत बसत.

“ये गा सुशील. साक्षगंध कसं झालं?” रुपरावांनी काचेचा मुखवटा वर सारून विचारलं.

सुशीलने पिशवीतून तुकडा काढून टेबलावर ठेवला. रुपरावांनी तो उचलला, समोरच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि ओळखीचं हसले. “हा तुहा.” मग तुकडा उलटा केला. अंगठा एका जागी थांबला. “आन् हा कोन्या गाढवाचा?”

“माहाच,” सुशील म्हणाला.

रुपराव तुकड्याकडे बघत राहिले. एखाद्याने भरपूर बोलून सांगितलं असतं तेवढं सगळं त्यांना त्या वितळून थिजलेल्या लोखंडात वाचता आलं. कोण एकटा पूर्ण कडं मारतो, आणि कशासाठी मारतो, हे खापरखेड्याच्या कुठल्याही वेल्डरला सांगावं लागत नाही.

“कोठची परीक्षा होती?”

“फिनलंड.”

“म्हंजे साक्षगंध फिनलंडले होतं.” त्यांनी मुखवटा खाली ओढला आणि पुन्हा फाटकाच्या कामाला लागले.

सुशील उभाच राहिला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. रुपरावांनी शांतपणे त्याला खिडकीचं माप विचारलं, कागदावर लिहिलं, आणि सुशील तिथे नाहीच असं धरून पुन्हा खाली बसले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुशीलला वाटलं. शिव्यांची त्याला सवय होती.

शेवटी रुपरावांनी मशीन बंद केलं.

“माही बाजू शिकाले आला होय?”

“हाओ.”

“अन् शिकून गेल्यावर? मले कोन घेईन? देवरावचा जोडीदार दुबईले गेला तं देवरावचं काय झालं, तुले मालूम हाय. सिलिंडर वाहून राहिला तो. पन्नास वर्षांचा मानूस, पोट्ट्यायच्या हाताखाली हेल्पर.”

“मालूम हाय, भाऊ.”

“मालूम असून आला.”

“दुसऱ्या कोनाजवळ जाऊ मी?” सुशीलचा आवाज चिरका झाला. “ते बाजू तुमच्याशिवाय कोनाले येते?”

हे खरं होतं, आणि खुशामत नव्हती. रुपराव चौपन्न वर्षांचे होते. त्यांनी हातमोजे काढले, डाव्या हाताची बोटं एकदा मिटून उघडली. त्यांचं तोंड रागाचं होतं की रडायचं, हे सुशीलला ओळखता आलं नाही.

“उद्या अकरा वाजता ये,” ते म्हणाले. “अन् आजपासून उजवा हात बंद. दात घासनं, चहा पेनं, जेवनं, सारं डाव्यानं. एकवीस दिवसांत डावा हात तुहा झाला पायजे. नाही तं येऊच नको.”

दुसऱ्या दिवसापासून सुशीलच्या घरात धिंगाणा सुरू झाला. पिंकीला ती करमणूक वाटली. बाप डाव्या हाताने वरण-भात खातो आणि अर्धा भात ताटाबाहेर सांडतो, हे बघून ती पोट धरून हसायची. पण सुशीलची आई जिजाबाई यांना ते बघवेना. पोरगा परदेशी जाणार याचं त्यांना जेवढं वाईट वाटलं होतं, त्याहून जास्त वाईट तो डाव्या हाताने जेवतो याचं वाटलं. त्यातच संक्रांत आली. शेजारच्या बाईंनी तिळगूळ पुढे केला आणि सुशीलने सवयीने डावा हात पसरला. बाईंचा हात मागे गेला.

“बाप्पा! सनाच्या दिवशी डावा हात?” जिजाबाई ओरडल्या. “तिकडं जाऊन कसा वागशीन तं वाग, माह्या देवघरासमोर हे चालनार नाही. काहून असा करून राहिला तू?”

“आई, दोन आठवडे फक्त.”

“तुह्या बापानं पाहिलं असतं तं हात बांधून ठेवला असता!”

दुपारी शेडमध्ये सुशीलने हे सांगितलं तेव्हा रुपराव म्हणाले, “माह्या बापानं बांधला होता.” त्यांनी हे सहज सांगितलं. चौथीपर्यंत जेवताना त्यांचा डावा हात पंच्याने पाठीशी बांधून ठेवत. शाळेत गुरुजी डाव्या बोटांवर पट्टी मारायचे. पुढे बॉयलरच्या सांदीत तोच हात कामाला आला, आणि मग त्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही. “आता तू फुकटात शिकून राहिला,” ते म्हणाले आणि आरसा लावायला घेतला.

शिकवण्याची त्यांची रीत अशी होती की ते काही शिकवतच नसत. ट्यूबचे दोन तुकडे पत्र्याजवळ उभे करायचे, मागे आरसा लावायचा आणि बाजूला स्टुलावर बसायचं. सुशीलने डाव्या हातात टॉर्च, म्हणजे ज्योतीची नळी, आणि उजव्या हातात वितळायची तार धरून मागचं अर्धं कडं करायचं. झालं की रुपराव तुकडा हातात घेत, अंगठा फिरवत आणि एकच शब्द बोलत.

“काप.”

मग तो जोड ग्राइंडरने कापायचा, कडा घासायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून.

अडचण नुसत्या हाताची नव्हती, आरशाची होती. आरशात जवळचं लांब दिसतं आणि लांबचं जवळ. ज्योत आपल्याकडे ओढायची असेल तर डोळा म्हणतो, पलीकडे ढकल. पहिले चार दिवस सुशील ज्योत नको तिकडेच नेत होता आणि ट्यूबला भोक पाडत होता. “डोळ्याचं ऐकू नको,” रुपराव सांगायचे. “तो खोटं बोलते. मनगटाले इचार.” मनगटाला काय विचारायचं ते मात्र सांगत नसत.

बाराव्या दिवशी ज्योत घसरून सुशीलचं डावं मनगट भाजलं. चट्टा रुपयाएवढा होता, पण त्याने टॉर्च आपटली आणि ओरडला, “होत नाही माह्याच्यानं! सोडून द्या.”

रुपरावांनी खाली पडलेली टॉर्च उचलून तिची नळी पुसली. “सोडून दे ना,” ते म्हणाले. “मी तं नारळ फोडीन. तू राहशीन, जोडी राहीन, मार्चचं शटडाऊन जोरात होईन. माहं काय जाते?”

रुपराव मस्करी करत नव्हते. तो नापास व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तो पास व्हावा म्हणून ते रोज अकरा वाजता आरसा पुसून बसत होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. सुशीलला एकदम त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही. मनगटाला ओला रुमाल गुंडाळला आणि टॉर्चसाठी हात पुढे केला, डावा.

अठ्ठावीस तारखेला दुपारी त्याने शेवटचा तुकडा दिला. रुपरावांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग उन्हात नेऊन आतून बघितलं. ते “काप” म्हणाले नाहीत. तुकडा त्यांनी पॅन्टच्या खिशात टाकला आणि म्हणाले, “उद्या मी येतो संग. गाडीवर मांगं बसतो.”

परीक्षा केंद्रात त्या दिवशी आठजण होते. रुपराव फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबले. फिनलंडचे साहेब उंच, साठीच्या आसपासचे, पांढऱ्या भुवयांचे. कुणाशी बोलत नव्हते, प्रत्येकाच्या मागे दोन मिनिटं उभे राहत आणि पुढे सरकत. सुशीलला मात्र ते दिसलेच नाहीत. त्याने समोरचा अर्धा नेहमीच्या झोकात केला, आरसा लावला, टॉर्च डाव्या हातात घेतली आणि मनगटाला विचारत विचारत मागचा अर्धा पूर्ण केला. दोन्ही अर्ध्यांची टोकं जिथे मिळतात तिथे त्याने श्वास रोखून धरला होता. मुखवटा वर केला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दीड तासाने उन्मेषने त्याला केबिनमध्ये बोलावलं. फिल्म काचेवर होती. पूर्ण कडं स्वच्छ, रेघ नाही, ठिपका नाही. सुशीलने हसून उन्मेषकडे बघितलं. पण उन्मेषचा चेहरा उतरलेला होता.

“भोयर, अडचण आहे,” तो म्हणाला. “साहेब म्हणताहेत की हे दोन माणसांचं काम आहे.”

साहेबांनी तुकडा हातात घेतला होता. ते समोरच्या बाजूवरून अंगठा फिरवत, मग मागच्या, मग पुन्हा समोरच्या. अगदी रुपरावांसारखाच अंगठा. वेल्डरचा टाका म्हणजे त्याची सही असते. समोरचे टाके रुंद, ऐसपैस होते. मागचे बारीक, एकमेकांवर चढलेले, जणू जागा वाचवायची सवय असलेल्या माणसाचे. अठरा वर्षं सुशीलने हे टाके ट्यूबच्या पलीकडे बघितले होते. आता ते त्याच्याच डाव्या हातातून उतरले होते.

“फाटकावरचा चौकीदार सांगतो, तुमच्याबरोबर एक माणूस आलाय,” उन्मेष म्हणाला. “कोण आहे तो?”

“रुपराव काळमेघ.”

“काय करतात?”

खोटं बोलावं, काका आहेत म्हणावं, असं सुशीलच्या मनात येऊन गेलं. पण साक्षगंधाचं खोटं अजून घशात अडकलेलं होतं. “वेल्डर हायत,” तो म्हणाला. “माहे जोडीदार.”

उन्मेषने साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी तुकडा खाली ठेवला आणि दोनच शब्द बोलले.

“पुन्हा करा,” उन्मेष म्हणाला. “आत्ता, साहेबांच्या समोर. आणि त्या काळमेघांनाही आत बोलावतोय. ते पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे राहतील. तुम्ही त्यांच्याशी बोलायचं नाही.”

सगळ्या हॉलचं काम थांबलं. बाकीचे सातजण मुखवटे वर करून बघायला लागले. रुपरावांना चौकीदार दंडाला धरून घेऊन आला, चोराला आणावं तसं. त्यांच्या हातात चहाचा कागदी कप तसाच होता. सुशीलला ते बघून संताप आला, आणि रागाच्या भरात वेल्डिंग होत नाही हे आठवून तो घाबरलाही. आरसा लावताना लोहचुंबक निसटून खण्णकन खाली पडला. आरशाचा कोपरा उडाला.

त्याने रुपरावांकडे बघितलं नाही. बोलायला बंदी होती, पण बघितलं असतं तर तो बोललाच असता. त्याने डोळे मिटले, डाव्या हाताची बोटं मिटून उघडली, आणि त्याच्या लक्षात आलं की ही लकब आपली नाही.

टॉर्च पेटली. फुटक्या आरशात ज्योत अर्धीच दिसत होती. उरलेल्या अर्ध्यासाठी मनगटाखेरीज कुणीच नव्हतं. एक टाका, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. साहेब त्याच्या खांद्यापाशी वाकून बघत होते, त्यांचा श्वास त्याच्या कानाला लागत होता. मध्येच वितळलेला थेंब लोंबायला लागला. समोरून करताना तो कधी घाबरला नसता, पण इथे थेंब त्याला अर्धाच दिसत होता. डोळा म्हणाला, ढकल. मनगटाने ओढलं. थेंब जागच्या जागी बसला.

संपल्यावर साहेबांनी फिल्मची वाटही बघितली नाही. तुकडा गार व्हायच्या आधीच हातमोज्यातून उचलला, टाके बघितले, पिवळ्या पट्ट्यापाशी गेले आणि रुपरावांसमोर धरला. काहीतरी विचारलं.

“विचारताहेत, हे तुम्ही शिकवलंत का?” उन्मेष म्हणाला.

“शिकवलं नाही,” रुपराव म्हणाले. “कापाले लावलं.”

उन्मेषने ते कसं भाषांतरित केलं देव जाणे, पण साहेब हसले. मग त्यांनी आणखी काही विचारलं, आणि उन्मेषने क्षणभर थांबून ते मराठीत आणलं. “तुमचं वय काय, असं विचारताहेत.”

“चौपन्न.”

उन्मेषने आकडा सांगितला. साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि रुपरावांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला. सुशीलला पास झाल्याचा कागद मिळाला. कागदपत्रं, व्हिसा वगैरे व्हायला तीन महिने लागतील, असं उन्मेषने समजावून सांगितलं.

सरिताला फोन केला तर ती आधी रडली, मग म्हणाली, आता उजव्या हातानं जेव, आई देवासमोर बसल्या आहेत. परतीच्या वाटेवर रुपराव पुन्हा गाडीवर मागे बसले. सुशीलचा आनंद रिंगरोडवर कुठेतरी गळून पडला. आपण या माणसाचा अर्धा भाग घेऊन चाललो, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

“शेडकडं घे,” रुपराव अचानक म्हणाले.

शेडमध्ये साळा नव्हता. रुपरावांनी बाकावरची धूळ झटकली, मुखवटा उचलला आणि तो हातात फिरवत राहिले.

“तीन महिने म्हने तो?”

“हाओ. मार्चचं शटडाऊन हाय मी संग. एप्रिलच्या शेवटी जाईन.”

“तू एकवीस दिवसांत शिकला. तुहं वय कमी.” त्यांनी ट्यूबचे दोन तुकडे काढले आणि शिकंज्यात बसवले. या वेळी पत्र्यापासून दूर, मोकळ्यावर. “मले तीन महिने पुरतीन का गा?”

“काय?”

“तुही बाजू,” रुपराव म्हणाले. ते सुशीलकडे बघत नव्हते. “समोरची. पूर्न कडं एकट्याले आलं तं कोनी जोडी इचारनार नाही. मले सिलिंडर वाहाचे नाही, सुशील.”

सुशीलला शरम वाटली, इतकी की कानशिलं तापली. एकवीस दिवस तो या स्टुलासमोर बसला होता आणि एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की पलीकडच्या माणसालाही अर्धंच येतं. त्याने स्टूल ओढलं आणि रुपराव रोज बसायचे त्या जागी बसला.

रुपरावांनी टॉर्च पेटवली. ट्यूब त्यांच्या समोर होती, उघडी, स्वच्छ उजेडात. आरसा नव्हता, सांदी नव्हती. शिकाऊ पोरालाही जमेल असं काम. पण गज-फाटकं वेगळी, ट्यूब अठरा वर्षं ते आरशातच बघत आले होते, आणि आता थेट बघितल्यावर त्यांचा हात उलटा जायला लागला. ओढायचं तिथे ढकलत होते. दुसऱ्याच टाक्याला ट्यूबला भोक पडलं. ते सावरायला गेले तर शेजारी आणखी एक पडलं. ते थांबले नाहीत, दात आवळून अर्धं कडं कसंबसं पूर्ण केलं आणि तुकडा काढून सुशीलच्या हातात दिला.

सुशीलने अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला, पुन्हा एका जागी थांबला. रुपराव त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. बारा वर्षांनी मोठा माणूस. ज्यांच्या हातून पहिल्या शटडाऊनला त्याने हातमोजे घेतले, ज्यांच्यापुढे त्याने कधी खुर्चीवर मांडी घातली नव्हती. पहिल्या खेपेला ठीक आहे भाऊ, असं म्हणता आलं असतं. ते ऐकून दोघांनाही बरं वाटलं असतं, आणि मे महिन्यात रुपरावांच्या खांद्यावर सिलिंडर आलं असतं.

त्याला तो शब्द तोंडातून काढायला बराच वेळ लागला.

“कापा, भाऊ,” तो म्हणाला.

रुपरावांनी मान डोलावली आणि ग्राइंडर उचललं.